किती दिवस वापरलं?

बर्डीवर, मोरभवनाच्या मागच्या गल्लीत,
माझ्या काउंटरवर लाल पाठीचं एक रजिस्टर असतं,
सुतळीनं पेन बांधलेलं.
ज्यानं घेतलं त्यानं लिहावं,
ज्याला घ्यायचं त्यानं वाचावं,
एवढंच ठरलं होतं.

पहिल्या वर्षी लोकांनी लिहिलं:
‘मस्त.’ ‘एक नंबर.’ ‘बेकार आहे बे, घेऊ नका.’
‘प्रिंटर बरा, सोबतची पिशवी त्याहून बरी.’
एक जण हार्ड डिस्कबद्दल लिहिता लिहिता
साळ्याच्या लग्नातल्या सावजी रश्शावर घसरला.
ते पान अजून सर्वांत जास्त वाचलं जातं.

भोजराज पराते, वीज मंडळातून निवृत्त,
उभा जन्म मीटरचे आकडे उतरवण्यात गेलेला माणूस.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
‘मस्त म्हंजे किती युनिट?
लोकाइले इचारत काहून नाही तू,
किती दिवस वापरलं?’

तिथून सुरू झालं.
दिवस लिहा.
पैसे कोणाचे होते, तेही लिहा.
मे महिना काढला का यंत्रानं?
डिसेंबरातली तारीफ आम्ही अर्धीच धरतो.
खोलीत कूलर होता की नुसता पंखा,
कारण शेहेचाळीस अंशांत लॅपटॉप कसा घुरघुरतो
हे खोक्यावर छापलेलं नसतं.

इतवारीतले हळदवाले कीर्तीभाई
हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर पानभर चिडले होते.
पराते म्हणाले, राग खरा आहे,
पण आवृत्ती कोणती?
आणि मराठी टायपिंगवाल्यांनी
‘छान’ म्हणायच्या आधी
एकदा ‘वऱ्हाड’ लिहून पाहावं.
फुटला शब्द, तर तसं सांगावं.

एक पान माझ्या अक्षरात आहे.
यूपीएस.
‘अर्धा तास आरामात टिकतो. डोळे मिटून घ्या.’
खाली सही, दुकानाचा शिक्का.
‘आरामात’ हा शब्द मी खोक्यावरून उचलला होता.
त्याच आठवड्यात वितरकानं
दुकानात कूलर बसवून दिला होता,
खसच्या कोऱ्या ताट्या, ओला वास.
त्या गारव्यात बसून लिहिलं मी.

सुकेशिनी मेश्राम ते वाचून यूपीएस घेऊन गेली.
इंदोऱ्यात दोन खोल्या,
रात्रीचे दीड,
प्रबंधाचं चौथं प्रकरण,
आणि लाइट गेली.

ती भांडली नाही.
रजिस्टर मागितलं, उभ्यानंच लिहिलं:
‘सत्तावीस दिवस वापरलं. पैसे माझे, स्कॉलरशिपचे.
एक संगणक, एक दिवा, दुसरं काही जोडलेलं नाही.
चार मिनिटं दहा सेकंद. तीन वेळा मोजलं.
मागच्या पानावर ज्यांनी लिहिलंय
त्यांनी एकदा तरी बटण बंद करून पाहिलं होतं का?’

एक शिवी नाही.
एक तारा नाही, अंगठा नाही.
पेन जागेवर ठेवलं तिनं,
सुतळीचा पीळ सरळ करून.

कूलर एवढा आवाज करतो
हे मला त्या दुपारी कळलं.

माझं पान मी फाडलं नाही.
खोडलंही नाही, वाचता आलं पाहिजे.
खाली तारीख टाकून लिहिलं:
‘तपासलं नव्हतं. कूलर मिळाला होता.’
पराते बराच वेळ पाहत राहिले,
मग म्हणाले, ‘हां. हे झालं रीडिंग.’
यूपीएस मी परत घेतला.
चौथं प्रकरण परत घेता येत नाही.

आता शाळेतली पोरंही लिहितात.
जे पाहिलं नाही त्यापुढे
‘नाही पाह्यलं’ लिहितात, लाजत नाहीत.

काल एकानं, वाकड्या अक्षरात:
‘माऊस. दोन दिवस. पैसे बाबांचे.
चांगला वाटून राहिला.
मे अजून यायचा आहे.’