दुसरी बरणी

डी-वर नाटकं, ई-वर लग्नं,
असं ठरलं.
पण दाभोलीच्या दशावतारात
मध्येच एक वरात शिरलेली.
ती कुठे टाकू?

ई जुना. वेंगुर्ल्याच्या हवेनं पोर्ट गंजलेलं,
सुरू होताना डब्यातल्या कुर्लीसारखा खरवडतो.
शेवंतीकाकी म्हणाली, "दोनीकडे ठेव मरे.
एक बरणी बुरसली तर दुसरी आसा."

उरले तीन तास. मग अकरा मिनिटं.
मग पुन्हा तीन तास, मग लाइटच गेली.

आली तेव्हा बघतो, डी-वर अर्धवट संकासुर
आणि त्याच्याच शेजारी सबंध संकासुर,
कधीचाच आणून ठेवलेला:
'बाबल मेस्त्री, पायात गोळा आला ती रात्र.'
ई-वर तोच, नाव 'नवीन फोल्डर दोन'.

ते नाव मी लिहिलेलं? आठवत नाही.
दोन्ही बरण्यांना तेच चिकटवलं.