उंची

गाडी आधी घेतली, अक्कल नंतर.
जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, तुर्भ्याच्या गॅरेजात सहा महिने
पोट उघडं टाकून पडली होती.
आता तिच्यात पलंग आहे, बेसिन आहे,
यशोधरेनं शिवलेले पडदे आहेत,
टपावर सोलर पॅनेल आहे. म्हणजे होतं.
कोपरखैरण्यात गल्लीच्या तोंडाशी
कुणाच्या तरी वाढदिवसाची कमान लागली होती.
पॅनेल तिथंच राहिलं, शुभेच्छुकांच्या फोटोंत.

मोबाईल म्हणाला होता, सरळ जा.
मोबाईलला वाटतं मी स्कूटर आहे.

म्हणून वाशी, सेक्टर सतरा.
ओवेस नावाचा पोरगा काउंटरवर तीन यंत्रं मांडतो,
नवरदेवाला घड्याळं दाखवावीत तशी.
पहिल्याची स्क्रीन मोठी,
किंमत माझ्या पेन्शनपेक्षा मोठी.
दुसरं मराठी बोलतं. ऐरोलीला आयरोली म्हणतं
आणि वळणाआधी दम खातं.
यशोधरेला आवडलं. "निदान तुमच्यासारखं ओरडत नाही."

तिसरं काळं, जाड, माणूसघाणं.
सुरू झाल्या झाल्या विचारतं:
तुमची उंची किती?
रुंदी? वजन? सोबत गॅस सिलिंडर आहे का?

तीस वर्षं न्हावा-शेव्याला क्रेनच्या काचेच्या खोलीत बसून
मी खालच्या कंटेनरांना हेच विचारत आलो.
वरून सगळंच मावेलसं दिसतं.
बोटभर कमी पडतं तेव्हा आवाज येतो.
मला मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं.

खिशातली चिठ्ठी काढतो. दोन मीटर नव्वद, पॅनेल धरून.
"पॅनेल नाहीये आता."
"धरून चाल," मी म्हणतो. "परत लावायचंय."

मग यशोधरा. सिव्हिलमधली तिची रात्रपाळी अजून सुटलेली नाही,
पेशंट दाखल करून घ्यावा तशी चौकशी करते.
मे महिन्यात काचेमागे तापून मरेल का?
रेंज गेल्यावर?
"नकाशा पोटातच आहे, मॅडम."
आणि बिघडलं तर?
"बेंगळुरूला पाठवावं लागेल."
"म्हणजे तिथवर जायला हेच लागणार."
ओवेस हसतो, पाचशे कमी करतो.

"आता 'घर' टाका, सर."

आम्ही एकमेकांकडे बघतो.
फ्लॅट भाड्यानं दिला, त्याच पैशांवर डिझेल.
घर खाली उभं आहे,
दुसऱ्या गाडीच्या बाजूला, इंडिकेटर लावून.
"रिकामं सोडलं तर चालतं?"
"चालतं ना," ओवेस म्हणतो,
"पण मग ते परत आणणार नाही."

तिनं पर्स उघडली. काळ्याचेच पैसे मोजले.

गाडीत बसलो. यंत्र उपग्रह शोधतंय:
दोन. तीन. परत दोन.
मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलाय.
यशोधरा खिडकीतून अर्धी बाहेर,
मान वर करून
खांबा-खांबांतून लोंबणाऱ्या केबली बघतेय.
"जरा उजवीकडे घ्या.
अजून.
हां. आता जा."