पाणी कुठं मुरलं

ओमानच्या उघड्या डोंगराखाली, खजुरांमध्ये
एक काठी रोवलेली. तिची सावली
हेच पाण्याचं घड्याळ.

आजच्या पाळीत झुवैनाचा तिसरा हिस्सा,
तिच्या जावेचा, शम्साचा, चौथा.
"दोघींचं मिळून?" म्हातारा पाटकरी विचारतो.
सैफ वरचे वर, खालचे खाली मिळवून मोकळा :
"सातातले दोन!"

"म्हणजे एकट्या झुवैनापेक्षाही
दोघींना मिळून कमी?
पोरा, पाणी कुठं मुरलं?"

मग तो तळव्यानं वाळू सारखी करतो,
सावलीच्या वाटेवर
खजुराच्या बिया मांडतो. बारा.
चार झुवैनाच्या, तीन शम्साच्या.
तिसरा नि चौथा एका भाषेत बोलत नव्हते,
बिया बोलतात.
सैफ बोट टेकवत जातो : सात.
उरलेल्या पाचांवर मशिदीची बाग.

सावली चौथ्या बीवर येते.
भिंतीवरून भांडलेल्या, दोन वर्षं अबोला धरलेल्या दोघी
दारं धरून उभ्या.
झुवैना आपल्या तोंडाशी दगड सरकवते
तेव्हाच शम्सा आपला उचलते.
कुणी कुणाकडे बघत नाही.
पाणी वळतं.

"अकराच कशा रे बिया?"
सैफची मूठ
हळूच उघडते.