भाग एकशे तेरा

जिनिंगच्या काट्यावर रात्रपाळी.
कापसाची शेवटची गाडी दीडला गेली.
मोबाईलवर सहज लावलं.

अकरा वर्षांआधी सोडली होती,
तिथंच होती ती पोरगी,
पुलावर, एक पाय उचललेला,
तलवार अर्धी बाहेर.
वय सोळाच.
माझ्या भुवयांत पांढरं;
त्यातली रुई किती, देव जाणे.

हिंगणघाटच्या होस्टेलात
प्रज्योत अन् मी
एक इअरफोन, एकेक कान वाटून पाहायचो.
तो पुण्याला गेला.
मग एका कानानं पाहवेना.

आज तिनं पाय टेकवला,
अन् माझ्याच तोंडून निघालं,
"इकुझो!"

ढिगावर झोपलेला दमडूकाका उठला,
"काय म्हनलं बे?"
"काही नाही. चला म्हनलो."
"आता? कुठं?"

चार वाजता प्रज्योतला मेसेज टाकला :
पोरगी पूल उतरली.