दाराखालची पट्टी

परकार म्हणाला, छपराचं सोडा बाई,
छप्पर काय, सगळ्या गावाला दिसतं.
दाराखालच्या पट्टीचं बोला.
बॉडीचाच पिस्ता मारू, की काळा?
काळा तर कुठला?
बुटासारखा चकचकीत, तव्यासारखा मंद,
की पपनसाच्या सालीगत दाणेदार,
खडी उडून लागली तरी न टवकणारा?

माझगावात, गोदीच्या भिंतीला टेकलेलं गॅरेज.
लोखंडी घोड्यांवर चढवलेली आमची पासष्टची फियाट,
दिवे काढलेले, दारं भिंतीशी उभी,
आणि ज्या उंबरठ्यावर मी लहानपणी
सँडलमधली वाळू झटकायचे
तो आता माझ्या नाकासमोर.
मी प्लास्टिकच्या स्टुलावर. मांडीवर वही.

जानेवारीत परीक्षक येणार.
पांढऱ्या टोप्या, हातात टॉर्च,
दोऱ्याला बांधलेलं चुंबक.
पॅन्टची इस्त्री सांभाळत गुडघ्यावर बसतात
आणि चुकीच्या काळ्याचे दोन गुण कापतात.
'अस्सल' हा शब्द ते असा उच्चारतात
जसा आमच्याकडे कुणी हापूस म्हणतं,
आधी वास घेऊन.

खरवडायला घेतलं.
वर चांदी: उल्हासचा प्रताप, बारावीनंतरच्या सुट्टीतला.
खाली डांबर. बाबांनी स्वतः मारलेलं,
वरळीचा खारा वारा पत्रा खातो म्हणून
दर दिवाळीला एक हात.
त्यात अडकलेला एक केस. ब्रशचा असेल.
परकार पाणी मारतो, चारशे नंबरचा पेपर फिरवतो,
थरांची वर्तुळं उमटतात
मोरपिसाच्या डोळ्यासारखी.

मग डाव्या बाजूला लांबी लागली.
अर्धा इंच.
"ठोकली होती की हो," परकार म्हणाला,
"बरोबर दारावरच. कधी?"
मला माहीत नाही. आमच्या घरात
गाडी कधीच कुठं ठोकली नव्हती.
आईच्या डाव्या भुवईतून गेलेली पांढरी रेघ
न्हाणीघरात घसरल्याची होती.

उजवीकडे, रबराच्या बीडिंगखाली,
चार आण्याएवढा मूळ रंग सापडला.
काळाच. पण इतकी वर्षं दबून राहिलेला,
चमक होती की नव्हती, सांगेना.

मुलुंडला फोन लावला.
आई, गाडीच्या दाराखालचा काळा आठवतो?
चकाकायचा?
"चकाकायचा कसला," ती म्हणाली,
"माझ्या लिंबोणी वायलची कड काळी करायचा मेला.
उतरताना, दरवेळी.
रिठ्यानंसुद्धा निघायचं नाही."
मग मी दुसरं विचारलं.
ती म्हणाली, ऐकू येत नाहीये गं नीट,
आणि मेथी निवडायची राहिलीय,
आणि ठेवते.

परकारला साडीच्या कडेचं एवढंच सांगितलं.
पुरे, म्हणाला. लाकडी पेटीतून
शंखजिऱ्याची पुडी काढली,
चिमटीचिमटीनं काळ्यात सोडली,
चमक मरेस्तोवर ढवळलं.
डब्यांच्या तीन झाकणांवर एकेक हात मारला
आणि वाळल्यावर झाकणं
उन्हातून उचलून सावलीत आणली.
पट्टी जन्मभर सावलीतच असते बाई,
तिचा रंग उन्हात बघून काय उपयोग.

मधलं झाकण.
मी बोट फिरवलं, बोट काळं झालं.

"आणि लांबी? काढून पत्रा सरळ ठोकू?
नाहीतर चुंबक धरायचं नाही तिथं."
बाहेर गोदीतला भोंगा झाला.
तो हातोडी घेऊन थांबला होता.

वहीत लिहिलंय:
दोन्ही पट्ट्या: काळा, मंद, शंखजिरं घालून.
डावी, लांबी: आहे तशी.
पुढे दोन गुण वजा,
माझ्याच हातानं.