कुठल्याही कारणानं

करार चोवीस पानांचा, इंग्रजीत.
सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारून दिलेली.
मॅनेजर म्हणाला, हलगेकर, इथं एक, इथं एक,
आणि प्रत्येक पानावर छोटी.
चहा येईपर्यंत होऊन जाईल.

चहा आला. मी बशीत ओतला.
म्हटलं, घरी नेतो, चष्मा राहिलाय.
चष्मा खिशातच होता.

कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
मुन्नोळी मॅडमचं ऑफिस. जिना असला अरुंद
की लिफ्टवाला माणूस मी, कठडा धरून चढलो.
कूडरी, म्हणाल्या,
आणि मग त्यांच्या त्या कन्नड हेलाच्या,
आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत:
वर्षाला किती मिळणार?
दोन लाख चाळीस. एक दवाखाना, सहा लिफ्टा,
महिन्याला दोनदा तेलपाणी,
रात्री हाक आली की पळायचं.

आणि बुडलात तर किती बुडणार?

तेवीस वर्षं दोर मोजले,
ब्रेकची झीज नखानं ओळखली,
खरं ह्या बाजूचं माप कधी घेतलं न्हाई.

कलम चौदावर त्यांचं बोट.
कुठल्याही कारणानं झालेलं कुठलंही नुकसान
कंत्राटदारानं भरून द्यायचं.
बघा, म्हणाल्या, ह्या शब्दाला तळ नाही.
हेस्कॉमची लाइन गेली, तुम्ही.
खड्ड्यात पाणी उतरलं, तुम्ही.
आठ जणांच्या पेटीत वॉचमननं बारा कोंबले
तरी हलगेकर, तुम्हीच.

लाल पेन निघालं.
'कंत्राटदाराच्या हयगयीमुळं' एवढं आत घुसवलं,
आणि शेपटीला: वर्षाच्या रकमेहून जास्त नाही.
मी हुश्श करायच्या आत म्हणाल्या,
माणूस जायबंदी झाला तर ही ओळ आडवी येईलच असं नाही.
त्याला विमा. तो वेगळा घ्या.

कलम एकवीस. वाद झाला तर बेंगळूरचं कोर्ट.
राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचा पास काढलाय काय?
हसल्या. मीही हसलो.
आमच्याकडं गाव कुठल्या राज्यात
ह्याचीच तारीख दिल्लीत पडत आलीय.
मला आपलं हे खालचंच कोर्ट पुरे,
जिथनं माझी स्कूटर दिसते.

सातेरी बिर्जेनं असल्याच फुलीवर सही ठोकली होती.
उद्यमबागेतली क्रेन. तुटलेली साखळी त्याची नव्हतीच.
ती बदला म्हणून तो ओरडून सांगत होता,
तोंडानं.
आता तिसऱ्या गेटापाशी
दुसऱ्याच्या दुकानात बेअरिंग विकतो,
आणि भेटला की पहिलं वाक्य:
वही ठेव बाबा. तारीख घाल, वेळ घाल,
त्यांची सही घे. फोटो काढ.
मग घरची चौकशी.

उठताना मॅडमनी सहज विचारलं,
शाफ्टमध्ये कोण उतरतं?
गुडघ्यामुळं आता मी न्हाई. इराप्पा.
गणेबैलचा पोरगा, हात सोन्याचा.
त्याच्याशी काय कागद?

कागद होता. पिशवीतच होता.
शंभराच्या स्टॅम्पवर मीच टाईप करून घेतलेला,
मागच्या एका कंपनीचा करार समोर ठेवून,
नावं तेवढी बदलून.
त्यांनी वाचला.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या शोधत बसलो.
कलम नऊ. कुठल्याही कारणानं.
इराप्पाला कन्नड येतं, मराठी येतं.
कागद इंग्रजीत.
फुली मी मारून दिलेली, पेन्सिलनंच.

मॅडम काही बोलल्या न्हाईत.
लाल पेन टेबलावरनं माझ्याकडं सरकवलं.
विम्याचं ऑफिस पाचला बंद होतंय.
चार वीस झालेले.

जिन्यातनंच त्याला फोन लावला.
सर, म्हणाला, शाफ्टमध्ये आहे, आवाज तुटायलाय,
एवढं ग्रीस मारतो आणि करतो तुम्हाला.
न्हाई, म्हटलं. तसंच ठेव.
वर ये. आधी वर ये.