सुंगट

दिवसभर मी काचेच्या पेटीतला तराजू सांभाळते.
फोंड्यात, वरच्या बाजारात, सोनाराच्या दुकानात.
पंखा बंद करायचा, पेटीची दारं लावायची,
आकडा थरथरायचा थांबेपर्यंत
आपलाही श्वास रोखून धरायचा.
नथीची तार: तीनशे दहा मिलिग्रॅम.
कुणाची तरी मोडीत आलेली कुडी: एक ग्रॅम, वर गुंजभर.

आणि संध्याकाळी साडेसहाला,
टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, जिउ-जित्सूच्या निळ्या गादीवर,
माझ्या छातीवर कायतान फुर्तादो.
एकशे चार किलो.

कायतान बार्जवर इंजिन बघतो.
कितीही धुतला तरी त्याच्या पांढऱ्या डगल्याला डिझेलचा वास येतो
आणि मानेखाली, जिथे माझं नाक अडकतं,
दुपारच्या बांगड्याच्या हुमणाचा.
मी सत्तेचाळीस. तेही जेवून.

पहिला महिना मी ढकललं.
दोन्ही हात सरळ करून, दात खाऊन,
लग्नाआधी घरातलं लोखंडी कपाट हलवतात तसं.
तो हलला नाही. माझाच एक हात अदबीने उचलला
आणि कोपरातून वाकवला.
थाप, थाप. सुटका. पुन्हा.
मला हिशेब ठेवायची सवय.
एकशे बारा शरणागत्यांनंतर वही मिटली.

सेफेरिन सर कोपऱ्यातून ओरडत,
"बाय, त्याला हलवू नको. तू हल. सुंगट कर!"
सुंगट, म्हणजे कोळंबी, मार्केटात वाट्याने मिळते ती.
कुशीवर वळायचं, टाच रोवायची, कंबर मागे फेकायची.
घरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
मी फरशीवर उलटी सरकत होते,
आणि आई अर्धवट सोललेलं सुंगट धरून दारात,
एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत.
"ते शिजल्यावर वाकतं," म्हणाली आणि आत गेली.

हळूहळू कळलं, भार सगळीकडे सारखा नसतो.
एकशे चार किलोलाही जागा बदलायला
एक पाय उचलावा लागतो,
तेव्हा बरगडीपाशी तांदळाचा दाणा मावेल एवढी फट पडते.
तिथे कोपर. मग थांबायचं.
मग गुडघा. मग परत थांबायचं.
थांबणं हेही काम आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी एक नवा आला, म्हापशाचा, जिममध्ये फुगलेला, घाबरलेला.
घाबरलेला माणूस सगळा अंगावर सांडतो.
बरगडी करकरली. पुढच्या फेरीला मी नाही म्हटलं.
चिडला.
चिडू दे.

गुरुवारी कायतानला म्हटलं, आज पूर्ण वजन दे.
"पूर्ण?"
त्याने पायाची बोटं सैल सोडली.
आणि कळलं, हे चार महिने
हा माणूस माझ्यावर नव्हताच.
अर्धा स्वतःच्या गुडघ्यांवर, उरलेला बोटांवर,
बार्ज धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये जुने टायर टांगतात,
तसा स्वतःच स्वतःच्या आड.
छत गेलं. ट्यूबलाइट गेली.
त्याचा घाम माझ्या गालावर टपकत होता
आणि तो हलकेच विचारत होता,
"बाय, आसा मगे?"
आहे.
फट शोधली. नव्हती.
परत शोधली.
मग थाप.

तो उठून पाठ चोळत म्हणाला,
चार महिने तुझ्यावर न पडून माझी कंबर गेली.

आज सकाळी कुणीतरी झिजलेली अंगठी आणली.
पंखा बंद केला, पेटीची दारं लावली,
आकडा थरथरला, थांबला,
आणि मी श्वास घेत होते.
शेठनी विचारलं, मान का अशी?
म्हटलं, उशी बदलली.